तीन बोटांचे विष

संपादकांचे पत्र दोनच ओळींचे होते: परळच्या हाफकिन संस्थेत सापांचे विष काढतात, ते पाहून यावे, आणि इतिहास थोडक्यात आटपावा. यांतली दुसरी सूचना पाळणे मला जड गेले. कारण ज्या वास्तूत एके काळी पोर्तुगीज पाद्र्यांचा मठ होता, पुढे मुंबईच्या गव्हर्नरांचे बिऱ्हाड आले आणि १८९९ साली प्लेगच्या लसीची प्रयोगशाळा मुक्कामास आली, त्या वास्तूत पाऊल टाकल्यावर कोणाही लेखकाची लेखणी भूतकाळाकडेच वळावी. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्देमार हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःच्याच अंगात टोचून घेतली, आणि १९२५ पासून संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. बाकीचा तपशील दफ्तरात सुरक्षित आहे.

मला ज्यांच्या हवाली करण्यात आले ते गृहस्थ पन्नाशी उलटलेले, कोकणातले, आणि सापाला चुकूनही साप न म्हणणारे होते. त्यांच्या तोंडी ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ हेच शब्द येत, जणू नाव घेतल्याने ते ऐकेल की काय. त्यांनी आधी नाग काढला. काचेच्या पात्रावर ताणून बसवलेल्या पातळ पडद्यावर नागाने दात रोवले आणि पिवळसर, दाट थेंब तळाशी घरंगळले. हे थेंब निर्वातात वाळवले की त्यांची भुकटी होते, आणि ती थंड जागी बरेच दिवस आपला जहालपणा टिकवून धरते. नागाचा फणा, फुत्कार, आवेश पाहून मी दोन पावले मागे सरलो, हे कबूल केले पाहिजे. गृहस्थ हसले. “साहेब, हा रागावतो म्हणजे निदान सांगून तरी करतो,” ते म्हणाले, “आता जी दाखवतो ती काही सांगत नाही.”

दुसऱ्या पेटीत मण्यार होती. निळसर काळे, तकतकीत अंग, त्यावर बारीक पांढरे पट्टे; ते मानेपाशी जवळजवळ नाहीत आणि शेपटीकडे ठळक होत जातात. बिनविषारी कवड्याचे पट्टे नेमके उलट, मानेकडे ठसठशीत असतात. पण कंदिलाच्या उजेडात हा हिशेब करीत बसण्याइतकी उसंत कोणाला असते? पाठीच्या कण्यावरचे मोठे षट्कोनी खवले हीही मण्यारीची खूण, तीही तिला हातात घेतल्याशिवाय धड दिसू नये अशी. दिवसा हे जनावर इतके निरुत्साही असते, की डिवचले तरी वेटोळ्याखाली डोके खुपसून पडून राहते. तिला पडद्यापर्यंत आणण्यास बराच वेळ गेला, आणि नागाच्या मानाने जे हाती लागले ते फारच थोडे होते.

त्या थोडक्या द्रवाने मला उरलेला दिवस गुंतवून ठेवले. नाग आणि मण्यार एकाच कुळातले. दोघांच्याही विषात साठ ते पंचाहत्तर अमिनो आम्लांच्या माळेने बनलेली इवलीशी प्रथिने असतात. गंधकाच्या चार-पाच गाठींनी ती माळ मध्यभागी घट्ट आवळलेली असते आणि तिच्यातून तीन पाळ्या बोटांसारख्या बाहेर येतात. म्हणून शास्त्रज्ञ त्यांना तीन बोटांची विषे म्हणतात. मज्जातंतूने पाठवलेला अ‍ॅसिटिलकोलीन हा निरोप्या स्नायूच्या ज्या दारावर थाप देतो, त्याच दारात ही बोटे रुतून बसतात. निरोप येतो, पण आत जात नाही. पापण्या मिटतात, जीभ जड होते, शेवटी श्वासाचे स्नायू थबकतात. आश्चर्य असे, की याच घडणीची काही प्रथिने नागाच्या विषात दाराकडे ढुंकूनही न पाहता पेशींची आवरणेच फाडतात, आणि दंशाची जागा काळी पडून कुजू लागते. साचा एक आणि कामे दोन, ही काटकसर मला कोणत्याही सरकारी खात्यात आढळलेली नाही.

१९६३ साली तैवानात चांग आणि ली या संशोधकांनी तिकडच्या बहुपट्टी मण्यारीच्या विषातून असे एक प्रथिन वेगळे केले. ते स्नायूच्या दाराला इतके चिकटून राहते, की पुढे १९७० साली पॅरिसच्या शांझ्यो यांनी लींच्या साह्याने विद्युत्-ईलच्या अवयवातून ते दारच हुडकून बाहेर काढले. मज्जातंतूच्या कोणत्याही निरोप्याचे असे दार तोवर कोणाच्या हाती लागले नव्हते.

परंतु मण्यारीपाशी दुसरेही अस्त्र आहे. दोन साखळ्यांचे हे विष स्नायूचे दार सोडून थेट तंतूच्या टोकाला गाठते, तेथील निरोप्यांची कोठारे रिकामी करते आणि ते टोकच नासवते. नागदंशात दार नुसते अडलेले असल्यामुळे निओस्टिग्मिन या औषधाने कित्येकदा पापण्या उघडतात. मण्यारीच्या रोग्यावर त्याची मात्रा सहसा चालत नाही, कारण निरोप पाठवणाराच उरलेला नसतो. टोक नव्याने फुटेपर्यंत दिवस, कधी आठवडे जातात, आणि तोवर रोग्याचा श्वास यंत्राने चालवावा लागतो.

मग प्रतिविष कशासाठी? घोड्यांना अल्प मात्रेपासून चढत्या प्रमाणात विष टोचून त्यांच्या रक्तातून काढलेले ते प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकत्र चालते. एका मिलिलिटरने नागाचे किंवा घोणशीचे ०.६, आणि मण्यारीचे किंवा फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हावे असा दंडक आहे. पण ते रक्तात फिरणारे विष गाठते. तंतूत शिरलेल्या विषाला परत बोलावणे त्याच्या आवाक्याबाहेरचे. शिवाय ही तीन बोटांची प्रथिने इतकी लहान, की घोड्याचे शरीर त्यांची फारशी दखलच घेत नाही. घोणशीच्या मोठ्या प्रथिनांविरुद्ध ते जोमाने लढते आणि या चिमुकल्यांकडे दुर्लक्ष करते. त्यातच प्रांताप्रांतात एकाच जातीच्या सापाचे विष निराळे, त्यामुळे एका मुलखातल्या विषावर बेतलेले औषध दुसऱ्या मुलखात अपुरे पडते.

आणि वेळ? मण्यार रात्री, जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते; दंश इतका बारीक, की पुष्कळदा जागच येत नाही. पहाटे पोटात कळ येते, घरचे अपचन समजून ओवा देतात. पापण्या पडू लागल्यावर ‘पान लागलं’ ही शंका येते, तीही भगताच्या अंगणातून फिरून रुग्णालयात पोहोचते. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे दगावली असावीत, असा एका पाहणीचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, घरातच गेलेली.

निघताना मी पुन्हा त्या पेटीपाशी गेलो. मण्यारीने डोके वेटोळ्याखाली घातले होते. गृहस्थांनी वहीत विषाचे वजन टिपले, पेटीवर कापड ओढले आणि म्हणाले, “तुम्ही रात्री यायला हवं होतं, साहेब. तेव्हा ती जागी असते.” माझी गाडी सहाची होती.