कोड खुला, पण बांधणी कोणाची?

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा कोड कुणालाही वाचता येतो. प्रत्यक्षात बहुतेकांच्या संगणकावर येते ती मात्र कुणीतरी, कुठल्यातरी यंत्रावर कंपाइल करून ठेवलेली बायनरी. कोड लिहिणारा आणि वापरणारा यांच्यामध्ये पॅकेज बांधणारा उभा असतो, आणि मोकळेपणाची कसोटी त्याच्यापाशी लागते.

एके काळी सोर्सची टारबॉल, म्हणजे कोडच्या फायलींचा एकत्र बांधलेला गठ्ठा, उतरवायची, ‘कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल’ करायचं आणि न सापडणाऱ्या लायब्रऱ्यांच्या मागे धावायचं, असाच रिवाज होता. १९९३मध्ये इयान मर्डॉक यांनी डेबियन हे लिनक्स वितरण सुरू केलं, पाठोपाठ रेड हॅटचं आरपीएम आलं आणि ही उस्तवार वापरणाऱ्याच्या डोक्यावरून उतरली. डेबियनचं ‘डेब’ पॅकेज उघडलं तर आत तीनच गोष्टी सापडतात: स्वरूपाची आवृत्ती सांगणारी चिमुकली फाइल, आधी कोणती पॅकेजं हवीत याची नोंद असलेला गठ्ठा आणि डिस्कवर जाऊन बसणाऱ्या फायलींचा दुसरा गठ्ठा. ती नोंद वाचून लागेल ते आपणहून आणणारं ‘ॲप्ट’ १९९९च्या डेबियन २.१मध्ये दाखल झालं. २०२३च्या डेबियन १२मध्ये ६४ हजारांवर पॅकेजं होती. लोहित देवनागरी फॉन्ट आणि लिब्रेऑफिसचे मराठी मेनू त्यांतलेच.

पण एकाच लिनक्सच्या दोन आवृत्त्यांतही बायनरी अडते. जीलिबसी या मूळ लायब्ररीतल्या फंक्शनांवर आवृत्तीचा शिक्का असतो. जुन्या यंत्रणेवर बांधलेली फाइल नव्या यंत्रणेवर सहसा चालते. उलट गेलं की ‘अमुक आवृत्ती सापडत नाही’ म्हणून ती सुरूच होत नाही. म्हणून जाणकार मुद्दाम जुन्या यंत्रणेवर बांधतात. पायथनच्या मंडळींनी २०१६मध्ये ‘मेनीलिनक्स’ हे बायनरी पॅकेजांचं मानक ठरवताना २००७च्या सेंटओएस ५ या लिनक्सचा आधार घेतला तो याचसाठी. स्नॅप, फ्लॅटपॅक आणि ॲपइमेज यांनी दुसरी वाट धरली: लागणाऱ्या लायब्रऱ्या सोबत न्यायच्या किंवा सर्वांसाठी एकच ठरलेला पाया पुरवायचा. त्यात आकार वाढतो आणि सोबत नेलेल्या लायब्ररीत भोक सापडलं तर प्रत्येक पॅकेज नव्याने बांधावं लागतं.

विंडोजवर कंपायलर मुळात सोबत येत नाही, त्यामुळे तयार इन्स्टॉलर देण्यावाचून गत्यंतर नसतं. मिनजीडब्ल्यूने कंपाइल करायचं, डीएलएल जोडायच्या आणि इनो सेटअपने गठ्ठा बांधायचा. इतकं करूनही अनोळखी प्रकाशकाची फाइल दिसली की विंडोजचा स्मार्टस्क्रीन इशारा देतोच. मॅकवर होमब्रूने २००९पासून बरंच सोपं केलं. पण २०२०मध्ये ॲपलने स्वतःची चिप आणल्यावर इंटेल आणि एआरएम अशा दोन्हींसाठी बांधणं आलं. शिवाय मॅकओएस कॅटलिनापासून ॲप स्टोअरबाहेरच्या सॉफ्टवेअरवर नोटरायझेशनचा, म्हणजे ॲपलच्या तपासणीचा, शिक्का लागतो आणि त्यासाठीच्या सदस्यत्वाची सर्वसाधारण फी वर्षाला ९९ डॉलर. फुकट वाटणाऱ्यालाच खिशात हात घालावा लागतो!

या साखळीतली सर्वांत कच्ची कडी मार्च २०२४मध्ये उघडी पडली. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या विकासकाला दूरच्या संगणकात शिरण्याच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. खणत गेल्यावर ‘एक्सझेड’ या काँप्रेशनच्या प्रकल्पात चोरवाट निघाली. विषारी तुकडे चाचणीच्या फायलींत दडवलेले होते. त्यांना जागं करणारी ओळ मात्र गिटमधल्या कोडमध्ये नव्हतीच, ती होती ५.६.० आणि ५.६.१च्या टारबॉलमध्ये. आपण डेबियन किंवा आरपीएम पॅकेज म्हणून बांधले जातोय का, हेही त्यातून जागी होणारी स्क्रिप्ट तपासत असे. एसएसएच स्वतः एक्सझेडची लायब्ररी वापरत नाही. काही वितरणांनी सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीसाठी लावलेल्या पॅचमुळे ती आत येत होती. म्हणजे खुला कोड कितीही डोळ्यांत तेल घालून वाचला असता, तरी ती ओळ दिसली नसती.

यावरचा एक उपाय ‘रिप्रोड्युसिबल बिल्ड्स’ या नावाने डेबियनमध्ये २०१३पासून चालू आहे: तोच कोड दोन अनोळखी माणसांनी दोन यंत्रांवर बांधला, तर बाइट न् बाइट तीच फाइल निघाली पाहिजे. आड येतात त्या क्षुल्लक गोष्टी: बांधणीची वेळ, फोल्डरचा पत्ता, फायलींचा क्रम. त्या गोठवल्या की दोन्ही फायलींचा हॅश, म्हणजे बोटांचा ठसा, जुळतो. पण टारबॉलच विषारी असेल तर दोन्ही यंत्रांवर तेच विष उतरेल, म्हणून टारबॉलही गिटशी ताडून पाहायला हवी. सॉफ्टवेअर निवडताना आपण परवाना बघतो. बायनरी कुठे, कशी आणि कशापासून बांधली हेही प्रकल्पाला विचारायला हवं. ज्याला त्याचं उत्तर देता येत नाही, त्याचा मोकळेपणा अर्ध्यावरच थांबलेला आहे.