नवस बायकोचा, तपासणी कोणाची?

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये संध्याकाळी बाकावर बसायला जागा मिळत नाही. लग्नाला चार वर्षे होऊन पाळणा हलला नाही, म्हणून सूनबाई आलेल्या असतात, सोबत सासूबाई. माहूरच्या रेणुकामातेला नवस बोलून झालेला असतो, सोळा सोमवारही झालेले असतात. आणि चिरंजीव? ते कचेरीत. त्यांना काय धाड भरली आहे! चांगला धट्टाकट्टा गडी!

परंतु वाचकहो, मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचाही दोष असतो. दंडाच्या बेटकुळीवरून तो ओळखता येत नाही. संसारसुख सुरळीत असूनही तो असू शकतो. या गोष्टी कुजबुजत बोलण्याचे दिवस खरे तर र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्या’बरोबरच (१९२७ ते १९५३) सरायला हवे होते.

शुक्राणू प्रथम पाहिला तो हॉलंडातील लेव्हेनहूक या कापडविक्याने, १६७७ साली. लांबी मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याएवढी. डोक्यात बापाचा वारसा आणि मागे शेपूट. सारी मदार या शेपटीवर! तिच्यात प्रथिनांच्या बारीक नळ्या असतात; कडेने नऊ जोड्या, मध्ये दोन. डायनीन नावाचे प्रथिन एका नळीला धरून शेजारची ओढते, म्हणून शेपूट वाकते आणि शुक्राणू पुढे सरकतो. १९७६ साली स्वीडनच्या अफ्झेलियस यांनी मोठी विलक्षण गोष्ट दाखवून दिली. काही पुरुषांचे शुक्राणू जिवंत, पण जागचे हलत नव्हते. डायनीनचे हातच नव्हते! याच माणसांना लहानपणापासून खोकला आणि सर्दी जडलेली, कारण श्वासनलिकेतील केसांनाही तेच यंत्र चालवते.

आपल्या मुंबईत, परळच्या प्रजनन-आरोग्याच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेतही या नळ्यांवर काम झाले आहे. नळीच्या ट्यूब्युलिन या प्रथिनावर ॲसिटिल नावाचा एक रासायनिक शिक्का असतो. ज्यांच्या शुक्राणूंची चाल मंद, त्यांच्यात हा शिक्का कमी आढळतो, असे तेथील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केले. अशी खुणेची प्रथिने उद्या चाल मंदावण्याचे नेमके कारण सांगतील. नेहमीच्या तपासणीत मात्र ती अजून आलेली नाहीत.

तोवर साधा सूक्ष्मदर्शक पुष्कळ सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे शंभरांत निदान बेचाळीस शुक्राणू हलते असावेत, तीस पुढे जाणारे. आकडा खाली आला म्हणजे आशा संपली असे नव्हे. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात; मध्यंतरी कडक ताप येऊन गेला तरी हिशेब बिघडतो. म्हणून तपासणी पुन्हा करावी. वृषणाच्या फुगलेल्या शिरांवर शस्त्रक्रिया होते. तंबाखू सोडणे हाती असते. आणि तालमीतल्या पोरांनी पौरुषाच्या संप्रेरकाची इंजेक्शने टोचून घेऊ नयेत. त्याने शुक्राणूंची पैदासच बंद पडू शकते!

नमुना देण्यापूर्वी दोन ते सात दिवस संयम पाळावा लागतो आणि तो तासाभरात, अंगाच्या उबेत पोचवावा लागतो. किनवट-माहूरकडच्या माणसाला हे कसे जमावे? त्याने सरळ नांदेडला येऊन प्रयोगशाळेतच नमुना द्यावा.