मनातले मांडे आणि संशोधनाची वही



पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी कन्नडहून संभाजीनगरला एसटीने ये-जा करायचे. साधारण साठ किलोमीटरचा रस्ता. खिडकीची जागा मिळाली की हतनूर येईपर्यंत माझा प्रबंध लिहून व्हायचा, वेरूळला मौखिक परीक्षा संपायची आणि दौलताबादचा किल्ला दिसेपर्यंत नावाआधी 'डॉ.' लागून घरी पेढेही वाटून झालेले असायचे. बसमधून उतरताना मात्र पिशवीत तेच तीन शोधनिबंध, तेही न वाचलेले. सहा महिन्यांनी प्रगती अहवाल द्यायची वेळ आली, तेव्हा दाखवायला माझ्याकडे जेमतेम दीड पान होतं. गाईड रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझं काम मनात पूर्ण झालेलं दिसतंय. आता कागदावर कधी आणतेस?"

ते वाक्य चांगलंच लागलं. मग म्हटलं, दिवास्वप्नांवर संशोधन काय म्हणतं ते तरी बघू. तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल, तर हे तुमच्याही कामाचं आहे.

दिवास्वप्न म्हणजे नेमकं काय?

हातातल्या कामावरून लक्ष उडून मन आपल्याच विचारांत रमतं, ते दिवास्वप्न. आपल्याकडे याला 'मनात मांडे खाणं' म्हणतात. असं होणं हा काही आजार नाही. माणूस ठरावीक काम करत नसतो तेव्हाही मेंदू बंद पडत नाही, उलट त्याचे काही भाग जास्त सक्रिय होतात, हे मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये मांडलं. या भागांच्या जाळ्याला आज 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' म्हणतात. जुन्या आठवणी, स्वतःबद्दलचा विचार आणि उद्याची कल्पना या तिन्ही गोष्टींत ते काम करतं.

आणि हे घडतं तरी किती? 2010 मध्ये किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी 2,250 प्रौढांना दिवसभरात मध्येच फोनवर विचारलं, की आत्ता तुमचं मन कुठे आहे? जवळपास 47 टक्के वेळा ते हातातल्या कामावर नव्हतं. म्हणजे तुम्ही एकटे नाही आहात!

फायदे

2019 च्या एका अभ्यासात भौतिकशास्त्रज्ञ आणि लेखकांना रोज विचारलं गेलं, की आजची तुमची सर्वांत सर्जनशील कल्पना कधी सुचली? सुमारे एक पंचमांश कल्पना काम करत नसताना आणि त्या विषयाचा मुद्दाम विचारही करत नसताना सुचल्या होत्या. अडून बसलेला प्रश्न सोडवणाऱ्या कल्पना अशा वेळी जास्त सुचत होत्या. पण एक लक्षात घ्या, ही माणसं त्या प्रश्नात आधीच बुडालेली होती. डोक्यात कच्चा मालच नसेल तर भटकणारं मन घडवणार तरी काय?

इथे संशोधनाचा एक धडाही आहे. सोप्या कामात मन भटकू दिलं की सर्जनशीलता वाढते, असं 2012 च्या एका प्रयोगात दिसलं आणि ते खूप गाजलं. 2021 मध्ये इतरांनी तो फायदा पुन्हा तपासला, तेव्हा तो त्यांना सापडला नाही. म्हणून एकाच शोधनिबंधावर इमारत उभी करू नका.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचं. डहाणूला 1905 मध्ये जन्मलेले आणि देवळालीत शिक्षक असलेले कापरेकर फावल्या वेळात आकड्यांशी खेळत. पदव्युत्तर पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा आणि त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. समजा 3524 घेतली. 5432 वजा 2345 म्हणजे 3087. पुढे 8730 वजा 0378 म्हणजे 8352. मग 8532 वजा 2358 म्हणजे 6174. कोणत्याही संख्येपासून निघालात तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येते. 1949 मध्ये त्यांनी हे मांडलं आणि आज जग याला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतं. तो खेळ नुसता मनात राहिला असता तर आपल्यापर्यंत आला नसता. तो वजाबाकी होऊन कागदावर उतरला, म्हणून टिकला.

तोटे

पहिला तोटा वाचनाचा. डोळे ओळींवरून फिरतात, पान उलटतं आणि आत काहीच शिरलेलं नसतं.

दुसरा, मन भटकलेलं असताना लोक कमी आनंदी होते, हे 2010 च्या त्याच अभ्यासात आढळलं. सुखद गोष्टींचा विचार करणारेही कामात लक्ष असणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी नव्हते.

तिसरा सगळ्यांत महत्त्वाचा. गॅब्रिएले ऑटिंगन आणि डोरिस मायर यांनी 2002 मध्ये नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. छान नोकरीची गोड स्वप्नं जे जास्त रंगवत होते, त्यांनी दोन वर्षांत कमी अर्ज केले होते, त्यांना नोकऱ्या कमी चालून आल्या आणि पगारही कमी मिळाला. 'मला हे जमेल' असा विश्वास बाळगणाऱ्यांचं मात्र उलट झालं, त्यांना यश जास्त मिळालं. विश्वास कामाला लावतो. स्वप्न मात्र फळाची चव आधीच देऊन टाकतं आणि मग झाड लावायची घाई राहत नाही. माझे बसमधले पेढे ते हेच.

काहींच्या बाबतीत हे तासन्तास चालतं, अभ्यास आणि नाती दोन्ही बिघडतात. याला इस्रायलचे एली सोमर यांनी 2002 मध्ये 'मॅलअ‍ॅडॅप्टिव्ह डेड्रीमिंग' हे नाव दिलं. असं होत असेल तर स्वतःला दोष देत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांशी बोला.

मग करायचं काय?

स्वप्न थांबवता येत नाही, पण त्याला प्रश्न विचारता येतो. हे स्वप्न निकालाचं आहे की कामाचं? सत्काराचं असेल तर ऑटिंगन यांचीच युक्ती वापरा. आधी ते चित्र मनात आणा आणि लगेच विचारा, यात माझ्या आतला अडथळा कोणता? माझा अडथळा होता भीती. सिनॉप्सिस वाईट निघेल म्हणून मी लिहायलाच बसत नव्हते. हे कळलं त्या आठवड्यात पहिलं प्रकरण सुरू झालं.

अजूनही मी खिडकीशीच बसते. फरक इतकाच, की आता मांडीवर एक छोटी वही असते. चढण्याआधी एक अडलेला प्रश्न त्यात लिहिते, मग मन मक्याच्या शेतांतून हवं तिकडे फिरू देते. उतरण्याआधी जे सुचलं ते दोन ओळींत टिपते. बहुतेक दिवशी त्यात काही दम नसतो. पण दीड पानावर अडलेलं काम आता तिसऱ्या प्रकरणात पोहोचलंय.

तुम्हीही मांडे जरूर खा. फक्त पीठ आधी मळून ठेवा.