काढणारे हात, घडवणारे हात

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या विल्यम हॅल्स्टेड यांनी शस्त्रक्रियेच्या जगाला दोन गोष्टी दिल्या. एक, रुग्णालयातच वर्षानुवर्षं राबत, टप्प्याटप्प्याने जबाबदारी घेत सर्जन घडवणारी रेसिडेन्सी. दुसरी, १८९४ साली मांडलेली रॅडिकल मॅस्टेक्टमी : स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं एकत्र काढायचं. नवा स्तन घडवायला मात्र त्यांचा विरोध. कर्करोग पुन्हा उद्भवला तर तो त्याखाली दडून राहील, ही धास्ती. शिष्यांनी गुरूची शस्त्रक्रिया उचलली, तशी ही धास्तीही.

वास्तविक वाट तेव्हाही होती. १८९५ मध्ये हायडेलबर्गच्या चेर्नी यांनी रुग्णाच्याच अंगावरची चरबीची गाठ स्तनाच्या जागी बसवली. इटलीत तान्सिनी यांनी पाठीचा स्नायू छातीवर वळवून आणला. पण पुढच्या पिढीला ते शिकवणारं कुणी उरलं नाही. पाठीचा तो स्नायू सर्जनांना पुन्हा गवसला तो थेट १९७०च्या दशकात.

दरम्यान १९६२ मध्ये ह्यूस्टनला क्रोनिन आणि गेरो यांनी सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. पुढे फिशर आणि वेरोनेसी या सर्जनांनी रुग्णांवर केलेल्या चाचण्यांनी, कमी कापूनही बाई तितकीच जगते हे दाखवलं आणि जुन्या धास्तीची धार गेली. १९८२ मध्ये अटलांटाच्या हार्ट्रॅम्फ यांनी पोटाची चरबी स्नायूसकट छातीवर आणली. पुढे जपानच्या कोशिमा आणि न्यू ऑर्लीन्सच्या अ‍ॅलन यांनी पोटाचा स्नायू जागच्या जागी ठेवून फक्त चरबीचा तुकडा, म्हणजे फ्लॅप, त्याच्या रक्तवाहिनीसकट उचलायला शिकवलं.

खरी कसोटी इथे लागली. स्नायूच्या धाग्यांतून बारीक रक्तवाहिनी न दुखावता सोडवायची. मग दोन-तीन मिलिमीटरच्या वाहिन्या मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक नायलॉनने जोडायच्या. एक टाका चुकून मागच्या भिंतीत गेला तरी गुठळी होते, फ्लॅप निळसर पडतो आणि काही तासांत पुन्हा ऑपरेशन थिएटर गाठावं लागतं. म्हणून शिकाऊ डॉक्टर आधी कोंबडीच्या मांडीतल्या रक्तवाहिनीवर हात बसवतात.

अडचण फक्त हाताची नव्हती. स्तन काढणारा सर्जन वेगळा, घडवणारा वेगळा, दोघांचं शिक्षणही वेगळं. ब्रिटनने २००२ पासून दोन्ही शाखांच्या उमेदवारांना एकत्र शिकवणारी ऑन्कोप्लास्टिक फेलोशिप सुरू केली आणि निकाल मोजायलाही घेतले. २०१९ मध्ये तिथल्या ८१ केंद्रांतल्या २,१०८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सोप्या समजल्या जाणाऱ्या इम्प्लांटमध्येही तीन महिन्यांत सुमारे ९ टक्के स्त्रियांचं इम्प्लांट काढावं लागलं होतं. अपेक्षित मर्यादा होती ५ टक्क्यांची.

सव्वाशे वर्षांत तंत्र कधीच फार काळ अडून बसलं नाही. अडलं ते शिकवणं आणि मोजणं. आपल्याकडे अनेक ठिकाणी स्तन काढणारा सर्जन एकटाच असतो आणि पुनर्रचनेचा विषयच निघत नाही. तो शस्त्रक्रियेआधी निघायला हवा, आणि ‘तुमच्याकडे किती फ्लॅप फसतात, किती इम्प्लांट काढावी लागतात?’ हा प्रश्न रुग्णाने विचारला तर सर्जनकडे आकडा तयार हवा.