चौघांच्या कुटुंबास घर किती मोठे हवे?

आईवडील आणि दोन मुले अशा चौघांच्या कुटुंबास किती जागा पुरते, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा बाजारभावाच्या अंगाने विचारला जातो, आणि म्हणून त्याचे उत्तरही ऐपतीच्या भाषेतच मिळते. परंतु गेल्या दीडशे वर्षांहून अधिक काळ शरीरशास्त्रज्ञांनी, वास्तुशास्त्रज्ञांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी या एकाच प्रश्नाचा निरनिराळ्या वाटांनी जो पाठपुरावा केला आहे, त्यावरून असे दिसते की माणसाच्या देहाला, त्याच्या फुफ्फुसांना आणि त्याच्या मनाला लागणारी जागा या तीन वेगळ्या राशी असून, त्यांपैकी पहिलीच काय ती चौरस फुटांत नीट मोजता येते.

देहाचा हिशेब सोपा आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे १९२० नंतरच्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने ज्या चाळी उभारल्या, आणि ज्यांस त्या खात्याच्या आद्याक्षरांवरून आजही बीडीडी चाळी असे म्हणतात, त्यांतील एका खोलीचे क्षेत्र सुमारे १६० चौरस फूट आहे. अशा खोलीत मोरीस १२ फूट, ओट्यास १०, खाटेस १८ आणि कपाटास ५ अशी वजावट केली, तर ११५ फूट उरतात. सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद अशी एक गादी १५ फूट जागा घेते, तेव्हा एक माणूस खाटेवर आणि तिघे खाली निजले, तरी ७० फूट जमीन मोकळी राहते. कागदावर हे गणित निर्दोष आहे, आणि याच गणिताच्या आधाराने गिरणी कामगारांच्या कित्येक पिढ्यांस एका खोलीत बसविण्यात आले. परंतु कुटुंब म्हणजे रात्री एका वेळी आडवी झालेली चार माणसे नव्हेत. रात्रपाळी करून आलेला बाप सकाळी नऊ वाजता भिंतीकडे तोंड करून झोपण्याचा प्रयत्न करतो, त्याच्या पायाशी आई स्टोव्हवर भाकरी भाजते, मुलगी मोरीत पातळाचा आडोसा करून अंघोळ उरकते आणि मुलगा पुस्तक घेऊन जिन्यात जाऊन बसतो. चौघांची चार कामे एकाच वेळी चाललेली असताना त्यांस जी जागा लागते, ती गाद्यांच्या बेरजेतून कधीच निघत नाही. हा प्रकार केवळ मुंबईचा किंवा केवळ भूतकाळाचाही नव्हे, कारण २०११ च्या जनगणनेनुसार देशातील दर शंभरांपैकी ३७ कुटुंबे एकाच खोलीत राहत होती.

फुफ्फुसांचा हिशेब प्रथम मांडला तो म्यूनिक येथील माक्स फोन पेटेनकोफर या रसायनज्ञाने. बंद खोलीतील हवा कुबट केव्हा होते हे नाकावर न सोपविता मोजता यावे, म्हणून त्याने १८५८ साली असे सुचविले की माणसांच्या उच्छ्वासातून साठणारा कार्बन डायऑक्साइड हा त्या कुबटपणाचा निर्देशक मानावा आणि हवेच्या हजार भागांत त्याचे प्रमाण एक भागाच्या वर जाऊ देऊ नये. एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी असतो असे त्याचे म्हणणे नव्हते; हवेत हा वायू जितका अधिक, तितकी ती हवा दुसऱ्याच्या छातीतून आधीच जाऊन आलेली, एवढाच त्याचा आशय होता, आणि क्षयाचे जंतू याच वाटेने एकाच्या छातीतून दुसऱ्याच्या छातीत जातात, हे पुढे सिद्ध झाल्यावर त्या निर्देशकाचे मोल कितीतरी वाढले.

आता वरील १६० फुटांची खोली दहा फूट उंच आहे असे धरले, तर तिच्यात सुमारे ४५ घनमीटर हवा मावते. निजलेली चार माणसे, त्यांत दोन मुले, तासाला मिळून अदमासे ४० लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. बाहेरच्या हवेत आज या वायूचे प्रमाण दशलक्षात ४२० भागांच्या थोडे वर आहे. म्हणजे दारे-खिडक्या लावून घेतल्यावर पेटेनकोफरची मर्यादा सुमारे ४० मिनिटांतच ओलांडली जाते. येथे वाचकाच्या मनात साहजिकच येईल की खोली दुप्पट मोठी केली म्हणजे झाले. परंतु दुप्पट खोलीत तीच मर्यादा ८० मिनिटांनी ओलांडली जाईल, इतकाच काय तो फरक पडेल, आणि पहाटेपर्यंत दोन्ही खोल्यांची अवस्था सारखीच वाईट झालेली असेल. रात्रभर हवा शुद्ध राहावी असे वाटत असेल, तर या चौघांना तासाला सुमारे ७० घनमीटर ताजी हवा मिळाली पाहिजे, मग खोली केवढीही असो. मोठ्या जागेमुळे थोडा अवधी मिळतो. हवा मिळते ती खिडकीमुळेच, आणि तीही समोरासमोर दोन उघड्या जागा असतील तर.

आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेस ही गोष्ट ठाऊक आहे, म्हणूनच तिने खोल्यांच्या किमान क्षेत्राबरोबर, म्हणजे एका खोलीस ९.५ चौरस मीटर आणि दुसरीस ७.५ चौरस मीटर या तरतुदीबरोबरच, खिडक्यांचेही प्रमाण घालून दिले आहे: उष्ण व कोरड्या प्रदेशात खोलीच्या क्षेत्राच्या एक दशांश आणि कोकणासारख्या उष्ण व दमट प्रदेशात एक षष्ठांश. व्यवहारात मात्र या तरतुदीस सरकत्या खिडकीने सुरुंग लावला आहे. दोन रुळांवर सरकणाऱ्या काचेच्या खिडकीचे तावदान कितीही बाजूला सारले, तरी निम्मी चौकट काचेने झाकलेलीच राहते. शंभर फुटांच्या खोलीस सतरा फुटांची खिडकी आहे असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा तिच्यातून वारा येण्यास वाट असते ती साडेआठ फुटांची. जुन्या घरांतील बिजागरीच्या लाकडी खिडक्या पूर्ण उघडत असत, आणि त्या गेल्या ही सोय म्हणून घडलेली हानी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वयंपाकघराच्या मोजणीचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे; येथे एकच उदाहरण पुरे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची विलक्षण टंचाई असताना फ्रांकफुर्ट नगरपालिकेच्या गृहबांधणी योजनेसाठी मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की या तरुण वास्तुविशारद स्त्रीने १९२६ साली एक स्वयंपाकघर आखले. आगगाडीच्या भोजनडब्यातील मुदपाकखान्याचा आदर्श समोर ठेवून आणि गृहिणीच्या पावलांची मोजदाद लक्षात घेऊन तिने १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब, म्हणजे जेमतेम साडेसहा चौरस मीटरांच्या जागेत सारी मांडणी बसविली, आणि तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. कमी जागेतही श्रम वाचविता येतात, हे तिने निर्विवाद दाखवून दिले. पण त्या अरुंद पट्ट्यात एकाच बाईला काम करता येई. आपल्याकडे एकीने पोळ्या लाटाव्या, दुसरीने भाजाव्या आणि तिसरीने दारात बसून भाजी निवडावी, ही ज्या घरांची रीत आहे, तेथे तो नमुना जसाच्या तसा उचलून चालणार नाही.

तिसरा हिशेब मनाचा, आणि तोच सर्वांत कठीण. फ्रान्समधील समाजशास्त्रज्ञ पॉल-आँरी शोंबार द लोव यांनी कामगार कुटुंबांचा जो अभ्यास केला, त्यात माणशी जागा आठ ते दहा चौरस मीटरांच्या खाली गेली की शारीरिक व सामाजिक विकारांचे प्रमाण दुपटीवर जाते असे आढळले; लक्षणीय गोष्ट अशी की माणशी चौदा चौरस मीटरांच्या वर गेल्यावर ते प्रमाण पुन्हा वाढू लागले होते. अशा आकड्यांत दारिद्र्याचा परिणाम कोणता आणि दाटीचा कोणता, हे वेगळे करणे अवघड असते, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर देण्यास उपयोगी पडणारे एक महत्त्वाचे संशोधन पुण्यातच झाले, याची आपल्यांपैकी फार थोड्यांना कल्पना असेल.

पुणे विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ पलसाने यांनी अमेरिकेतील गॅरी इव्हान्स आणि स्टीफन लेपोर यांच्यासह पुण्यातील कुटुंबप्रमुख पुरुषांची पाहणी करून १९८९ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत असे दिसले की घरातील दाटी वाढत जाते तसतसा माणसाला इतरांकडून मिळणारा आधार कमी कमी होत जातो, आणि मनःस्वास्थ्य ढासळते ते मुख्यतः या मार्गाने. दाटीवाटीत माणसे एकमेकांच्या जवळ येतात, असे आपण ममतेने म्हणत असतो. पण जेथे दूर जाण्यास जागाच नसते, तेथे माणूस देहाने जवळ राहून मनाने दूर जाऊ लागतो. पुढे याच संशोधकांनी, पुण्याचेच शेजवळ यांना सोबत घेऊन, श्रमिक कुटुंबांतील दहा ते बारा वर्षांच्या मुलामुलींचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध केला. दाटीच्या घरांतील मुलांचे शाळेतील वर्तन आणि अभ्यास यांत अडचणी अधिक होत्या आणि आईबापांशी त्यांचे खटके अधिक उडत होते; मुलग्यांचा रक्तदाब चढा आढळला, तर मुलींमध्ये, एकदा अपयश आले की पुढचा प्रयत्नच सोडून देण्याची प्रवृत्ती बळावलेली दिसली. कुटुंबाच्या उत्पन्नाचा हिशेब वजा केल्यावरही यांतील कित्येक परिणाम टिकून राहिले. दहा वर्षांच्या मुलीने प्रयत्न सोडावा आणि त्याचे एक कारण तिच्या घराच्या भिंतींत असावे, ही गोष्ट ज्याला अस्वस्थ करीत नाही, त्याने नगररचनेच्या मसुद्यास हात लावू नये.

इव्हान्स यांनीच १९९६ साली अमेरिकेत केलेल्या आणखी एका अभ्यासाने या प्रश्नाची बाजूच बदलली. माणशी जागा सारखीच असूनही, ज्या घरांत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना अधिक उंबरे ओलांडावे लागत, त्या घरांतील माणसांस दाटीचा त्रास कमी होत होता. हे वाचताना आपल्या जुन्या वाड्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. ओसरीवर परका माणूस, सोप्यात ओळखीचा, माजघरात आप्त, त्यापलीकडे स्वयंपाकघर आणि शेवटी परसदार, अशा टप्प्याटप्प्याने ते घर आत आत जात असे. त्या रचनेने बायकांस आतल्या अंधारात आणि कित्येक जातींस उंबऱ्याबाहेर ठेवले, हे विसरण्याचे कारण नाही. परंतु त्यामागील बांधणीचे तत्त्व त्या अन्यायापासून सोडवून घेता येते, आणि ते लहान घरातही वापरता येते. आजच्या सदनिकांत मात्र सगळी दारे थेट दिवाणखान्यात उघडतात, कारण तीन फुटी बोळ म्हणजे वाया गेलेली जागा, असे बांधणाऱ्यास वाटते. त्या बोळामुळे पाहुणे बसलेले असताना मुलगी न्हाणीघरातून आपल्या खोलीत निःसंकोचपणे जाऊ शकते.

मग आकडा कोणता? जपान सरकारने निरोगी जीवनासाठी जी किमान पातळी ठरविली आहे, तिचे सूत्र दोन वा अधिक माणसांच्या कुटुंबास माणशी १० चौरस मीटर अधिक १० असे आहे. चौघांस ५० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५४० चौरस फूट. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशांस ५०० फुटांचे घर देण्याचे ठरले, ते या पातळीच्या बरेच जवळ आहे. झोपडपट्टी पुनर्वसनातील ३०० फूट मात्र चौघांस माणशी सात चौरस मीटरही देत नाहीत, आणि त्यास पुरेसे म्हणणे मला तरी शक्य नाही.

पाचशे फुटांत बैठकीस ११०, एका निजण्याच्या खोलीस १०२, दुसरीस ८१, स्वयंपाकघरास ७०, न्हाणीघर व शौचकूप मिळून ४० आणि बोळास ३० अशी वाटणी केली, तर अंतर्भिंती, कपाटे आणि कपडे वाळत घालण्याच्या जागेसाठी ६७ फूट राहतात. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या निश्चित करून विकत घेणाऱ्याची एक मोठी फसवणूक थांबविली. हे क्षेत्र ज्यात नोंदवितात त्या विक्रीच्या दस्तऐवजात आणखी दोन रकाने घालावेत, एकात दार लावून घेता येईल अशा खोल्या किती, आणि दुसऱ्यात प्रत्येक खिडकीचा प्रत्यक्ष उघडणारा भाग किती फुटांचा, हे लिहून देणे विकणाऱ्यास बंधनकारक असावे.