गोडेतेलाची पारख : खळे, घाणा आणि चूल

सुगी आटोपून भुईमुगाच्या शेंगा घरात आल्या की त्यांतील काही पोती विक्रीस न काढता घाण्यासाठी बाजूस ठेवावयाची, ही सातारा-सांगलीकडील शेतकऱ्याची जुनी वहिवाट. वर्षाचे गोडेतेल घरच्या शेंगांचे आणि पेंड घरच्या जनावरांना, असा तो सरळ हिशेब असे. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात भुईमूग, तर माण, खटाव, आटपाडी, जत या कोरडवाहू भागात शाळूच्या जोडीने करडई, अशी तेलाची सोय ज्या त्या भागातील जमीनच करीत होती. भुईमुगाचा 'कऱ्हाड ४-११' हा जुना वाण तर या भागातील गावाचेच नाव घेऊन प्रसिद्धीस आला.

आज चित्र पालटले आहे. ऊस व सोयाबीन यांनी भुईमुगाची पुष्कळ जागा घेतली. ज्याच्या शेतात शेंगा पिकतात तोही त्या बाजारात घालतो आणि परतताना दुकानातून तेलाची पिशवी घेऊन येतो. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येते व त्यात पामतेलाचा वाटा फार मोठा असतो. दुसरीकडे मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार हे एके काळी शहरी समजले जाणारे आजार खेड्यांतही दिसू लागले आहेत. साहजिकच तेलाविषयी गावोगाव वाद चालतो. एक म्हणतो, 'रिफाइंड तेल म्हणजे विष'. दुसरा म्हणतो, 'घाण्याचे तेल गाळसाळ, पिशवीतलेच शुद्ध'. या दोन्ही म्हणण्यांत थोडे सत्य आहे आणि थोडी भूलही आहे. ती कोणती, हे शेतकरी बंधुभगिनींनी समजून घेतल्यास घरातील तेलाची निवड त्यांना स्वतःलाच करता येईल.

तेल शुद्ध होते म्हणजे काय होते?

घाण्यात बी दाबून तेल काढले जाते. ते निवळून व गाळून घेतले की खाण्यास तयार होते. बियांचा वास, रंग, चव व ई जीवनसत्त्व ही त्यात बरीचशी टिकून राहतात. कारखान्यात मात्र बियांतील किंवा पेंडीतील तेल बहुधा हेक्झेन नावाच्या द्रावकाच्या साह्याने ओढून घेतात. असे तेल शुद्ध केल्याखेरीज खाण्यासाठी विकता येत नाही. प्रथम त्यातील चिकट द्रव्ये काढतात, नंतर कॉस्टिक सोड्याने आंबटपणा मारतात, विशिष्ट मातीच्या साह्याने रंग उतरवितात आणि अखेरीस निर्वात पात्रात दोनशे अंशांहून अधिक उष्णतेवर वाफ सोडून वास घालवितात.

या खटाटोपात ई जीवनसत्त्वाचा काही भाग जातो, रंगद्रव्ये जातात आणि बियांची ओळख पटविणारा वासही जातो. अति उष्णतेमुळे काही अनिष्ट द्रव्येही अल्प प्रमाणात तयार होऊ शकतात. पामतेलाच्या बाबतीत ही शक्यता अधिक. परंतु तेलाचा जो मूळ पिंड, म्हणजे त्यातील स्निग्धाम्ले, तो शुद्धीकरणाने फारसा बदलत नाही. पामतेल शुद्ध केले तरी ते पामतेलच राहते आणि करडईचे तेल करडईचेच राहते. सबब तेल रिफाइंड आहे की नाही, याआधी ते कोणत्या बियांचे आहे, हा प्रश्न विचारावयास हवा.

कोणत्या तेलात काय?

स्निग्धाम्ले ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. संपृक्त स्निग्धाम्ले अधिक खाल्ल्यास रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते. त्यांच्याऐवजी एक-असंपृक्त व बहु-असंपृक्त स्निग्धाम्ले आहारात आल्यास ते उतरण्यास मदत होते. आपल्या परिचयाच्या तेलांतील त्यांचे शेकडा प्रमाण सुमारे असे असते :

करडई – संपृक्त १०, एक-असंपृक्त १५, बहु-असंपृक्त ७५
सोयाबीन – संपृक्त १५, एक-असंपृक्त २५, बहु-असंपृक्त ६०
तीळ – संपृक्त १५, एक-असंपृक्त ४०, बहु-असंपृक्त ४५
भुईमूग – संपृक्त २०, एक-असंपृक्त ४८, बहु-असंपृक्त ३२
पामोलीन – संपृक्त ४५, एक-असंपृक्त ४४, बहु-असंपृक्त ११

वनस्पती तुपाची गोष्ट निराळी. तेल घट्ट करण्याच्या जुन्या रीतीत 'ट्रान्स' जातीची स्निग्धाम्ले तयार होत. ती हृदयास संपृक्त स्निग्धाम्लांहूनही घातक ठरली. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेले व वनस्पती तुपातील त्यांची मर्यादा २०२१ साली शेकडा ३ वर व २०२२ साली शेकडा २ वर आणली. तरीही वनस्पती तूप संपृक्तच राहते. ते रोजच्या स्वयंपाकात नसावे, हे उत्तम.

पिशवीवर 'कोलेस्टेरॉलविरहित' असे ठळक छापलेले असते, त्यास भुलू नये. कोलेस्टेरॉल हे प्राणिज पदार्थांत असते. कोणत्याही वनस्पतीच्या तेलात ते नाममात्रच असते. त्याऐवजी मागील बाजूस बारीक अक्षरांत लिहिलेले तेलाचे नाव वाचावे. तेथे एकाहून अधिक तेलांची नावे असतील, तर ते मिश्रण आहे असे समजावे.

कोणत्याही एका तेलात सर्व गुण नसतात, म्हणून तेले आलटूनपालटून वापरावीत. भुईमूग व करडई ही जोडी आपल्या भागास सोयीची आहे. या दोहोंत ओमेगा-३ हे आवश्यक स्निग्धाम्ल नसल्यासारखेच असते. ते जवसात विपुल व सोयाबीनच्या तेलात काही प्रमाणात मिळते. जेवणात जवसाची चटणी असली की ही उणीव भरून निघते. सोयाबीनमध्ये तेल शेकडा १८ ते २० एवढेच असते व ते लाकडी घाण्यात नीट निघत नाही. त्यामुळे सोयाबीनचे तेल बहुधा रिफाइंडच मिळते. ते मापाने खाण्यास हरकत नाही.

घाण्याच्या तेलातील छुपा धोका

आता घाण्याच्या तेलाची दुसरी बाजू पाहू. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत मेले. शोधाअंती कारण सापडले ते त्यांच्या खाद्यातील बुरशी आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत. अ‍ॅस्परजिलस फ्लेवस या बुरशीने तयार केलेल्या त्या विषास 'अफ्लाटॉक्सिन' हे नाव पडले. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या आदिवासी भागांत बुरशीचा मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली, ती याच विषाने. हे विष यकृतावर आघात करते. थोडे थोडे पण दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. फोडणीच्या किंवा तळणीच्या उष्णतेने ते पुरते नष्ट होत नाही.

बुरशीचे दाणे घाण्यात गेले की या विषाचा मोठा भाग पेंडीत राहतो, पण काही भाग तेलात उतरतो. कारखान्यातील सोडा व माती यांच्या प्रक्रियेत तो जवळजवळ निघून जातो. हा शुद्धीकरणाचा खरा गुण मान्य केला पाहिजे. घाण्यावर अशी कोणतीही चाळणी नाही. चांगले टपोरे दाणे बाजारात आणि पिचके, काळपट, बुरशीचे दाणे 'घरच्या तेलाला', अशी काटकसर काही घरांतून केली जाते. ही काटकसर नव्हे. ते आपल्याच मुलांच्या ताटात विष वाढणे होय. तीच पेंड दुभत्या गाई-म्हशींस घातली, तर विषाचा अंश दुधातूनही येतो.

म्हणून घाण्याच्या तेलाची शुद्धता घाण्यावर ठरत नाही, ती शेतात व खळ्यावर ठरते. त्यासाठी पुढील दक्षता घ्यावी :

१. पीक तयार होताच काढणी करावी. काढणी लांबल्यास किंवा शेवटच्या दिवसांत पाण्याचा ताण पडल्यास बुरशी जमिनीतच शेंगेत शिरते.

२. उपटलेल्या वेलांचे ओले ढीग घालू नयेत. शेंगा वर येतील असे वेल उलटे पसरून वाळवावेत.

३. शेंगा तोडल्यावर त्यांतील ओलावा शेकडा ८ च्या आसपास येईपर्यंत उन्हात वाळवाव्यात. शेंग कानाशी हलविली असता दाणे खुळखुळले व दाणा दातांखाली कटकन तुटला, तर वाळवण पुरी झाली असे समजावे.

४. फोडणी यंत्रात घालण्यापूर्वी शेंगांवर पाणी मारू नये. दाणा फुटू नये किंवा वजन भरावे म्हणून मारलेले हे पाणी बुरशीस आमंत्रण देते.

५. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत. घाण्यावर नेण्याआधी दाणे निवडून किडके, पिचके, रंग बदललेले व बुरशी आलेले दाणे काढून टाकावेत. ते जनावरांसही घालू नयेत.

६. काढलेले तेल दोन-चार दिवस निवळू द्यावे व कपड्यातून गाळून घ्यावे. ते काचेच्या किंवा पोलादी भांड्यात, चुलीपासून व उजेडापासून दूर ठेवावे. तांब्या-पितळेच्या भांड्यात ते लवकर खवट होते. खवट तेल खाऊ नये.

करडईचे काटे गेले

करडई मागे पडण्याचे एक कारण तिचे काटे हे होते. दवाने काटे मऊ असताना पहाटेच काढणीस जावे लागे, हातापायांस फडकी गुंडाळावी लागत व मजूर नाखूश असत. ही अडचण दूर करण्याचे काम सातारा जिल्ह्यातच झाले. फलटण येथे बनविहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत करडईवर दीर्घकाळ संशोधन झाले. त्यातून 'नारी-६' हा बिनकाट्यांचा वाण व 'नारी-एनएच-१' हा बिनकाट्यांचा संकर निघाला. खोल मुळांच्या बळावर जमिनीतील ओलीवर तगणारे हे पीक माणदेश व जतच्या रब्बी रानास साजेसे आहे.

अर्ध्या एकरात वर्षाचे तेल कसे बसते, ते पाहा. शंभर किलो वाळलेल्या भुईमूग शेंगांपासून सुमारे सत्तर किलो दाणे व त्यांपासून घाण्यावर पंचवीस किलोच्या वर तेल मिळते. करडईच्या एका क्विंटलपासून वीस ते पंचवीस किलो तेल निघते. एवढ्या शेंगांस आठ-दहा गुंठे व एवढ्या करडईस कोरडवाहू रानात दहा-बारा गुंठे पुरतात. म्हणजे वीस गुंठ्यांत पाच माणसांच्या कुटुंबाचे जवळजवळ वर्षभराचे तेल निघते. मात्र ते मापाने खाल्ले पाहिजे.

माप आणि आच

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात २००० कॅलरींच्या दैनिक आहारासाठी तेल-तूप मिळून सुमारे २७ ग्रॅम, म्हणजे चहाचे सहा लहान चमचे, असे माप धरले आहे. पाच माणसांच्या घरात महिन्यास चार किलोंच्या आसपास हे प्रमाण जाते. याचा सोपा पडताळा असा : १५ किलोचा डबा उघडला की त्या दिवसाची तारीख डब्यावर लिहावी. पाच माणसांत तो साडेतीन महिन्यांहून अधिक पुरला पाहिजे. कष्टाची कामे करणाऱ्यांस थोडे अधिक लागेल. परंतु डबा दोन महिन्यांतच रिकामा होत असेल, तर तेल कोणतेही असो, ते अति होत आहे. घाण्याचे तेल म्हणून हात सैल सोडावा, असे नव्हे. एक ग्रॅम तेलातून मिळणारी ऊर्जा, म्हणजे ९ कॅलरी, सर्व तेलांची सारखीच.

तळणीची आचही तेवढीच महत्त्वाची. तेलातून धूर निघू देऊ नये. भजी-पुऱ्या तळून उरलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवावे. तेच पुन्हा पुन्हा तळणीस घेऊ नये व त्यात नवे तेल मिसळून ते वाढवू नये. काळवंडलेले, चिकट झालेले व फेसाळणारे तेल टाकून द्यावे. वारंवार तापविलेल्या तेलात अपायकारक द्रव्ये साचतात. त्यांचे मोजमाप असलेली 'ध्रुवीय संयुगे' शेकडा २५ हून अधिक झाल्यास ते तेल वापरता येत नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. आठवडी बाजारातील कढई पाहताना हे ध्यानी असावे. करडई व जवसाची तेले तर दीर्घ तळणीस मुळीच योग्य नाहीत. करडईचे फोडणीस वापरावे आणि जवस चटणीतूनच खावा.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या विषयावर केवळ व्याख्यान न देता खळ्यावर जावे. शेंग कानाशी कशी हलवावी, दाणे कसे निवडावेत हे प्रत्यक्ष करून दाखवावे. महिला बचत गटांच्या बैठकीत एक तेलाची पिशवी, एक लहान चमचा व जुन्या तळणीचे तेल एवढे साहित्य पुरेसे आहे. त्यावरून लेबल, माप व आच या तिन्ही गोष्टी अर्ध्या तासात समजावता येतात. गावात घाणा चालविणारा असेल, तर निवडलेलेच दाणे घेण्याची शिस्त त्याच्याशी बोलून लावावी व ओला माल परत पाठविण्याच्या त्याच्या निर्णयास गावाने पाठबळ द्यावे.

तेल घाण्याचे घ्यावे की पिशवीचे, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे. निवडक, वाळलेल्या दाण्यांचे घाण्याचे तेल मिळत असेल तर ते अवश्य घ्यावे. तशी खात्री नसेल तर नाव वाचून घेतलेली चांगल्या बियांच्या तेलाची बंद पिशवी बरी. शेतकऱ्यास मात्र एक मोठी सवलत आहे. शहरातील गिऱ्हाइकास दाणा कसा होता हे कधीच कळत नाही; शेतकऱ्यास ते आपल्या खळ्यावर उघड्या डोळ्यांनी पाहता येते. यंदा शेंगा वाळतील तेव्हा घरासाठी ठेवावयाचे पोते सर्वांत आधी व सर्वांत चांगल्या मालाचे भरावे.