जोडीने आलात, तरच आत या!

दिवाळीच्या चार दिवसांत जिभेचे कौतुक फार होते. चकली खुसखुशीत झाली की नाही, अनारसा जाळीदार उतरला की तळताना हसला, यावर घरोघरी परिसंवाद झडतात. पण घशाखाली उतरलेल्या फराळाची पुढे कुणी विचारपूसही करीत नाही. मी पेशाने डॉक्टर आणि राहणार यवतमाळचा. मला त्या पुढच्या प्रवासातच अधिक रस!

आमच्याकडचे साधे जेवण घ्या. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, जवसाची चटणी. जठरात त्याचा लगदा होतो, पण खरे काम चालते लहान आतड्यात. ही सुमारे वीस फुटांची नळी पोटात वेटोळे घालून बसलेली असते. तेवढे अंतर काटायला अन्नाला तीन ते पाच तास लागतात. आमची यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला गाडी चालू होती, तेव्हा तीही इतकी रेंगाळत नसे! या वाटेवर पाचकरस भाकरीतल्या पिष्टाची साखर करतात, वरणातली प्रथिने फोडतात, चटणीतल्या तेलाचे बारीक बारीक कण करतात.

आतडे आतून गुळगुळीत नसते. अंग पुसायचा टर्किश टॉवेल आठवा. तसेच लाखो तंतू तिथे उभे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. एकेक जेमतेम मिलिमीटरभर उंच, आणि त्यावर पुन्हा त्याहून सूक्ष्म केस. हा सारा पसारा टेनिस कोर्टाएवढा भरतो, असे जुन्या पुस्तकांत असे. २०१४ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी नीट मोजमाप केले, तेव्हा तो सुमारे ३० चौरस मीटर निघाला, म्हणजे अर्ध्या बॅडमिंटन कोर्टाच्या आतबाहेर. तरी काय थोडा झाला? रसांकुरातून साखर आणि प्रथिनांचे तुकडे रक्तावाटे थेट यकृताकडे जातात. स्निग्ध पदार्थ मात्र आडवाटेने, लसिकेच्या नळ्यांतून, मानेपाशी येऊन रक्ताला मिळतात.

आता दाराची गंमत सांगतो. या आतड्याच्या पेशींना एक चमत्कारिक दार आहे. त्यातून ग्लुकोज एकटे आत जाऊ शकत नाही. मिठातले सोडियम बरोबर हवे. ग्लुकोजचा एक कण आणि सोडियमचे दोन, असे एकत्र आले की दार उघडते, आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत ओढले जाते. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे ही कल्पना मांडली. पटकीत आतडे पाणी बाहेर फेकीत सुटते, तेव्हासुद्धा हे दार शाबूत असते!

त्याचे मोल कळले १९७१ साली. बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगाव येथे पटकीने थैमान घातले. शिरेतून द्यायच्या सलाइनच्या बाटल्या पुऱ्या पडेनात. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा यांच्या पुड्या बांधल्या आणि ते पाणी रोग्यांना तोंडानेच पाजले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते. ते चारच्याही खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

पहिल्या पावसात विहिरींचे पाणी गढूळ झाले की आमच्याकडे हगवणीची पोरे येऊ लागतात. एकदा एक माउली आपले बाळ घेऊन आली. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. मी पाणी पाजायला सांगताच ती घाबरून म्हणाली, “डाक्टरसाहेब, पानी देल्लं त अजून हगवन लागन ना जी?” तिचे काय चुकले? पोटाला विश्रांती द्या, हा उपदेश तिने लहानपणापासून ऐकलेला. आणि शहरातल्या शिकल्यासवरल्या घरांतही तो मी ऐकला आहे! आम्ही चमच्या-चमच्याने पुडीचे पाणी दिले. तासा-दीड तासाने बाळ आवाज काढून रडले, आणि रडताना डोळ्यांत पाणी आले. ते अश्रू पाहून मला झालेला आनंद काय सांगू!

पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा. अंदाजपंचे नको! मीठ जास्त झाले तर बाळाला धोका, आणि साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. अंगावरचे दूध बंद करू नये. जस्ताच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस द्याव्यात. मूल मलूल पडले, पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त गेले, तर मात्र तडक दवाखाना गाठावा.

आणि आजीबाईंची ज्वारीची आंबील? पहिला मान पुडीचाच. पण जरा मोठ्या मुलाला पातळ, बेताच्या मिठाची आंबील द्यायला माझी ना नाही. तिच्यातले पिष्ट आतड्यात गेल्यावर हळूहळू ग्लुकोज होते आणि मिठाचा हात धरून त्याच दारातून आत शिरते.